घरून शिकून या!

नवी पद्धत अगदी सोपी आहे. शिकवणं घरी, गृहपाठ शाळेत. मास्तरांनी धड्याचा व्हिडिओ संध्याकाळी मोबाईलवर पाठवायचा, पोरांनी तो जेवणखाण आटोपून शांतपणे पाहायचा आणि सकाळी वर्गात येऊन गणितं सोडवायची, वाद घालायचे, प्रयोग करायचे. याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. मराठीत उलटा वर्ग म्हणा. यातला अर्धा भाग आपल्याकडे जुनाच आहे. ‘जरा घरून शिकून येत जा’ हे वाक्य प्रत्येक मास्तरानं कधी ना कधी उच्चारलेलं आहे. तेव्हा तो टोमणा होता, आता धोरण आहे.

मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात एक मॅडम आहेत. नाव सांगत नाही, शाळाही सांगत नाही. हौशी शिक्षकाची ओळख पटली की त्याच्या गळ्यात आणखी चार कामं पडतात. पाचवीचा वर्ग, गणित विषय. उलट्या वर्गाची ओळख त्यांना एका प्रशिक्षणात झाली. प्रशिक्षण सुलटं होतं. हॉलभर खुर्च्या, समोर पडदा, पडद्यावर स्लाइडी, आणि एक तज्ज्ञ सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकटेच बोलत होते. विषय होता : शिक्षकानं वर्गात एकट्यानंच बोलत राहू नये. जेवणानंतर तेच पुढे चालू. शेवटी चहा, सामूहिक फोटो आणि प्रमाणपत्र. प्रश्नांना वेळ उरला नाही.

मॅडमनी मात्र ते मनावर घेतलं. अशी माणसं प्रत्येक खात्यात एखाद-दुसरी असतातच, त्याला इलाज नाही. अपूर्णांकांचा धडा निवडला. शाळा सुटल्यावर फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवला, फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि अर्धा, पाव, पाऊण समजावून सांगितलं. मागून शिपाई खुर्च्या ओढत होता, तोही रेकॉर्ड झाला. व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर एरवी आधार कार्ड, समग्र आयडी, जातीचा दाखला आणि फुलांसकट सुप्रभात एवढंच येतं. गणित पहिल्यांदाच आलं. दोन पालकांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. एकानं विचारलं, ‘पैसे कधी जमा होणार?’

दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरीनंतर पहिला प्रश्न : कोणी कोणी पाहिला?

‘बाबा मोबाईल घेऊन वावरात ओलिताले गेले होते जी.’

‘नेट संपलं होतं, मॅडम.’

‘दादानं गेम टाकला, जागाच नाही राह्यली.’

‘मी पाह्यला, मॅडम!’

‘शाब्बास. काय होतं त्यात?’

‘तुम्ही होत्या.’

आणि एका पोरीनं उभं राहून सांगितलं, ‘मायनं पाह्यला पूरा. तिले समजला. ती विचारत होती, उद्या कोन्ता पाठवता?’

म्हणजे पद्धत अगदीच वाया गेली नाही. विद्यार्थी बदलला, इतकंच.

•

आता कोणी म्हणेल, घरोघरी मोबाईल आहे, मग अडचण कसली? खरं आहे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या ग्रामीण भारताच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाची ८२ टक्क्यांहून जास्त मुलं आपल्याला स्मार्टफोन चालवता येतो असं म्हणाली. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो काहीतरी शिकण्यासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. ही चौदा वर्षांच्या पुढची गोष्ट झाली. पाचवीतल्या पोराच्या हाती फोन येतो तो बापाच्या खिशातून, भावाच्या मेहरबानीनं आणि चार्जिंग संपत आल्यावर.

शिवाय बापाचा खिसा संध्याकाळी घरी असेलच असं नाही. दिवाळीपासून कापसाची वेचणी, मग संत्र्याचा तोडा, मधल्या काळात ओलित, आणि ओलिताची वीज कधी येणार हे वीजच ठरवते. शांतपणे, एकाग्रतेनं, घरच्यांच्या देखरेखीखाली व्हिडिओ पाहणाऱ्या मुलाचं चित्र प्रशिक्षणाच्या स्लाइडीवर होतं. त्या चित्रात टेबल होतं, टेबलावर दिवा होता, दिव्याशेजारी दुधाचा पेला होता. फक्त पत्ता नव्हता.

•

ज्यांच्या नावावर ही पद्धत खपते, त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्यात वुडलँड पार्क नावाच्या गावातल्या हायस्कुलात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स असे दोन रसायनशास्त्राचे मास्तर. खेळांच्या सामन्यांपायी आणि लांबच्या प्रवासापायी पोरांचे तास बुडायचे. म्हणून २००७ च्या सुमारास दोघांनी धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं त्यांना त्यांनी डीव्हीडी भरून दिल्या. म्हणजे अमेरिकेतल्या मास्तरालाही आधी हेच पाहावं लागलं की कोणाच्या घरात काय आहे. आपण पद्धत आणली आणि डीव्हीडी कस्टममध्ये विसरलो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्यांची पोरं हायस्कुलातली होती. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी नव्वदच्या दशकात भौतिकशास्त्राचा वर्ग असाच उलटवला, त्यांची पोरं तर कॉलेजातली. मझूर यांच्या ध्यानात आलं होतं की सूत्रं घालून अवघड गणितं सोडवणारी पोरं साध्या प्रश्नावर अडकतात. म्हणून त्यांनी वाचन घरी पाठवलं आणि वर्गात प्रश्न टाकून शेजारच्याशी भांडायला लावलं. त्यांच्या पद्धतीत व्हिडिओ नव्हता. पुस्तक होतं आणि भांडण होतं. आपल्याकडे पाचवीच्या वर्गात भांडणाची सोय पूर्वीपासून उत्तम आहे. तेवढी एक गोष्ट फुकट असूनही कोणी योजनेत घेतली नाही.

उलट्या वर्गाचा सगळा डाव वर्गातल्या मोकळ्या झालेल्या तासासाठी मांडलेला आहे. मास्तर एकदाचे बोलायचे थांबतात, पोर बोलायला लागतं आणि त्याचं नेमकं कुठं अडलंय ते ऐकू येतं. व्हिडिओ हे त्या तासाचं भाडं. आपण भाडं भरलं, पावती फायलीला लावली आणि तासात परत जाऊन पहिल्यापासून शिकवायला लागलो.

•

बरं, व्हिडिओ पाहिला तरी तो कोणत्या भाषेत? पांढुर्णा आणि सौंसरच्या घरांत मराठी बोलतात, नागपुरी वळणाची. शाळेचा मुख्य कारभार हिंदीत. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला गेली आणि छिंदवाड्यातले हे मराठी तालुके होते तिथंच राहिले. २०२३ मध्ये पांढुर्ण्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हाधिकारी जवळ आले. भाषा आहे तिथंच आहे.

त्यामुळे इथलं पोर रोज सकाळी घराचा उंबरा ओलांडतं, आधी भाषा उलटवतं आणि मग वर्गात बसतं. ही उलटापालट ते सत्तर वर्षं करतंय, कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय आणि प्रमाणपत्राशिवाय. आता त्याला सांगायचं की समजावून घेण्याचं कामही घरीच कर, हिंदीत, आजीच्या शेजारी बसून. आजीला वाटतं पोर बातम्या पाहतंय.

तयार व्हिडिओ घ्यावेत तर त्यांत अपूर्णांक शिकवायला पिझ्झा कापतात. सौंसरच्या पोरासमोर पिझ्झा! ज्या गावाच्या चहूबाजूंनी संत्र्याचे बगीचे आहेत, तिथं समान भाग शिकवायला इटलीहून गोल भाकरी मागवायची.

•

हे सगळं प्रथमच होतंय असंही नाही. २०२० च्या टाळेबंदीत मध्य प्रदेशानं आख्खं राज्यच उलटवून पाहिलं होतं. ‘डिजिलेप’ नावानं व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज धडे जायचे. मग जुलैपासून ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ आलं. सकाळी दहा वाजता पालकांनी घरात घंटी किंवा थाळी वाजवायची म्हणजे शाळा भरली, अशी सूचना होती. त्या वर्षी थाळीवर देशाचा फार भरवसा होता. आजार थाळीनं जायचा, विद्या थाळीनं यायची.

तेव्हा नाइलाज होता, त्याबद्दल कोणाला बोल लावायचा नाही. पण आजार गेला, शाळा उघडल्या, आणि घराघरांत काय शक्य आहे, काय नाही, याचा एवढा मोठा अनुभव गाठीशी असताना आपण काय उचललं? व्हिडिओ.

आणि नुसत्या समजावण्याचा भरवसा तरी किती? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. दोन्हीकडून दगड. दरवर्षी प्रशासन आधी बैठका घेतं, समजावून सांगतं, मग पोलीस आणि रुग्णवाहिका उभ्या करतं. दरवर्षी डोकी फुटतात. नुसतं नीट समजावून सांगितलं की माणूस शिकतो, या सिद्धांताची इथं वर्षातून एकदा जाहीर परीक्षा होते. निकाल इस्पितळात लागतो.

•

गंमत अशी की वर्ग उलटवण्याची अक्कल या राज्याला कोलोराडोच्या पुष्कळ आधी आली होती. सातपुडा ओलांडला की होशंगाबाद, म्हणजे आताचं नर्मदापुरम. तिथं १९७२ मध्ये सोळा सरकारी मिडल शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनं सांभाळला. पुस्तकाचं नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात प्रयोग होते, प्रश्न होते, उत्तरं नव्हती. पोरांनी चार-चारच्या टोळ्या करून वर्गातच करून पाहायचं, मोजायचं, लिहायचं आणि एकमेकांशी हुज्जत घालायची. बेडूक, डबकं, पानं, आरसे, चुंबक, सगळं गावातलं. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची परवानगी. त्यात उत्तरं नसल्यावर कॉपी तरी कशाची करणार?

मास्तरांनी व्याख्यान द्यायचं नाही, पोरांनी वर्गात काम करायचं. उलटा वर्ग म्हणतात तो हाच. वीज नको, रिचार्ज नको. वाढत वाढत तो पंधरा जिल्ह्यांतल्या हजाराच्या आसपास शाळांत पोचला. आणि २००२ मध्ये सरकारनं तो बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका आदेशात सुलटी झाली. आता त्याच राज्यात, पडद्यावर इंग्रजी स्लाइड लावून, पोरांना वर्गात काम करू द्यावं असं शिकवतात. आपल्या घरची गाय विकायची आणि मग पाकिटातल्या दुधाचे गुण शेजाऱ्याला विचारायचे, असा हा व्यवहार.

•

महाराष्ट्रानं तरी वेगळं काय केलं? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलर. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्यांना वाटून टाकली. पुरस्काराच्या प्रशस्तीत दोन गोष्टी शेजारीशेजारी होत्या : पाठ्यपुस्तकं मुलांच्या मातृभाषेत आणणं आणि त्यांना क्यूआर कोड जोडणं. गाजला काय? कोड. तो छापायला सोपा असतो. मातृभाषा छापता येत नाही, तिच्यासाठी मास्तराला शिकावं लागतं.

त्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला काय उलटवलं होतं ते पाहा. आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. थोडी मोठी मुलं गुरांमागे जात, तर शाळा कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं शिकतायत. त्या बायांनी ‘घरून शिकून या’ असं पोरांना सांगितलं नाही. घरी काय आहे ते स्वतः जाऊन पाहिलं आणि शाळा त्या मापाची कापली. उलटायची होती ती शाळा. आपण घर उलटवायला निघालो आहोत.

•

आता मॅडमकडे परत येऊ. त्यांनी व्हिडिओ बंद केला. पद्धत बंद केली नाही, हे नोंद घेण्यासारखं. शाळा सुटताना त्या पोरांना एक प्रश्न देऊ लागल्या. लिहायचा नाही, घरी जाऊन फक्त विचारायचा. ‘आजोबांना पावकी येते का? निमकी येते का? विचारून या.’

ही लिंक मात्र लगेच उघडली. ज्यांना मोबाईलचं लॉक उघडता येत नाही अशा म्हाताऱ्यांनी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे घडाघडा म्हणून दाखवले. पाऊणकीत अडलेल्या आजोबांना शेजारच्या आजोबांनी ओट्यावरून पुढचं सांगितलं. भाषा मराठी, वेळ जेवणाआधीची, खर्च शून्य. पोरं सकाळी वर्गात आली ती भांडतच. एकाचे आजोबा पाऊण म्हणजे तीन पाव म्हणतात, दुसऱ्याची आजी म्हणते एकाला पाव कमी. कोण खरं?

मग मॅडमनी टोळी-टोळीला एकेक संत्रं दिलं. सोला, फोडी मोजा, पाव काढून दाखवा. एका संत्र्यात दहा फोडी, दुसऱ्यात अकरा. अकराचा पाव कसा काढायचा? आणि लहान-मोठ्या फोडींना समान भाग म्हणायचं का? पिझ्झ्याच्या व्हिडिओत हा प्रश्न कधीच येत नाही, पिझ्झा फार आज्ञाधारक असतो. एक पोरगा ठामपणे म्हणाला, एक छेद चार हा एक छेद तीनपेक्षा मोठा, कारण तीनापेक्षा चार मोठा. वर्गातल्या निम्म्या माना हलल्या. मॅडमनी आजवर जो धडा इतक्यांदा फळ्यावर नीट समजावला होता, त्या धड्याखाली हे बसलेलं होतं. फळ्याकडे तोंड करून उभं राहिलं की ते दिसत नाही.

सगळं एका तासात सुटलं असं समजू नका. त्या पोराला अजून पूर्ण पटलेलं नाही. तीन वाटेकरी बरे की चार, हे त्याला संत्र्यावर कळतं, वहीत गेलं की चार परत मोठा होतो. पण आता निदान मॅडमना माहीत आहे की तो कुठं उभा आहे.

नेमके त्या संत्र्यांच्या तासालाच वर्गात तपासणीचे साहेब आले. पोरं जमिनीवर गोलात, सालं कागदावर, आवाज छपराला. साहेबांनी विचारलं, ‘तास सुरू का नाही?’ मॅडम म्हणाल्या, सुरू आहे. साहेबांनी रकाना उघडला : या महिन्यात किती व्हिडिओ पाठवले? लिंक? किती पालकांनी पाहिले? पोरांनी किती प्रश्न विचारले, याचा रकाना नव्हता. किती चुका सापडल्या, याचा तर नव्हताच. चूक सापडणं हे आपल्याकडे शिक्षकाच्या खात्यात जमा होत नाही, नावे पडतं. संत्र्याचं बिल मात्र विचारलं. बिल नव्हतं. संत्री मुलांनीच आणली होती. त्यालाही रकाना नव्हता, ‘लोकसहभाग’ असा एक सापडला, त्यात ती भरली.

तर आमची एक सूचना आहे, भोपाळला आणि मुंबईलाही. उलट्या वर्गाचं पुढचं प्रशिक्षणच उलटं करा. तज्ज्ञांचं भाषण साहेबांना मोबाईलवर पाठवा. मोबाईल साहेबांचा नको, त्यांच्या थोरल्या भावाचा असावा. वेळ रात्री नऊ, चार्जिंग आठ टक्के. भाषा घरी बोलत नसतील अशी कोणतीही चालेल. आणि प्रशिक्षणाचा दिवस मोकळा झाला की साहेबांनी पाचवीच्या वर्गात यावं, पोरांच्या गोलात जमिनीवर बसावं आणि अकरा फोडींचा पाव काढून दाखवावा. जमलं नाही तर लाजायचं कारण नाही. शेजारच्याला विचारावं. तास त्यासाठीच मोकळा ठेवलाय.